गजूचे हात आणि पाच फाउल

बास्केटबॉलमध्ये फोटो छापून येतो तो बास्केट टाकणाऱ्याचा. त्याच फोटोच्या कोपऱ्यात कुणाचा तरी एक हात दिसतो, कोपरापासून पुढचा. तो डिफेंडर! मी अठरा वर्षं डिफेन्स खेळलो आणि असे हातांचे फोटो माझ्या घरी पुष्कळ आहेत. पाहुणे आले की बायको अल्बम काढते आणि बोट ठेवून सांगते, "हा हात ह्यांचा." तर आमच्याकडे फोटो असे अर्धवट, कप एखाद-दुसरा, आणि किस्से मात्र इतके, की एक सांगायला घ्यावा तर मागचे चार त्याला ढकलून पुढे येतात. ढकलाढकली हा आमचा धंदाच होता म्हणा.

सध्या मी नागपूरच्या एका प्रोफेशनल टीमचा डिफेन्स कोच आहे. लीग नवी आहे, टीव्हीवर दिसते, खेळाडूंना करार असतात. आणि नियम असे आहेत की समोरच्याला हात लावायची सोयच उरलेली नाही. लोकांना पळणारे, उड्या मारणारे बघायचे असतात, एकमेकांना धरून ठेवणारे नाही. त्यामुळे ज्याच्याकडे बॉल आहे त्याच्या कमरेवर नुसता पंजा टेकवून ठेवला, तरी शिट्टी! अशा पाच शिट्ट्या झाल्या की त्या मॅचपुरतं बाहेर बसायचं. अडवायचं ते पायांनी आणि छातीनं. 'आमच्या वेळी खेळ कसा मर्दानी होता' वगैरे मी म्हणणार नाही. आमच्या वेळी आम्ही बदमाश होतो, एवढंच.

पुरावा हवा असेल तर माझाच घ्या.

मी एकोणीस वर्षांचा असेन. धरमपेठच्या ग्राऊंडवर सावनेरची टीम खेळायला आली होती. त्यांचा एक पोरगा फार चपळ. आमच्या कोचने मला सांगितलं, "त्याची सावली होऊन जा." मी झालो सावली, पण नखं असलेली! हाफ टाइमपर्यंत त्याच्या दंडावर, पाठीवर, मानेवर ओरखडेच ओरखडे. तेव्हाचे रेफरी रक्त बघितल्याशिवाय शिट्टी तोंडात घालत नसत.

हाफ टाइमला प्रेक्षकांमधून एक बाई उठल्या. पदर खोचलेला, खांद्याला पर्स. सरळ आमच्या बेंचपाशी आल्या आणि म्हणाल्या, "कोनं ओरबाडलं माह्या पोराले?"

ज्या टीमसाठी मी जीव टाकत होतो, त्या अख्ख्या टीमने एका सेकंदात माझ्याकडे बोट दाखवलं.

बाईंनी पर्समधून नेलकटर काढलं. "हात इकडे आण." मी आणला. दहाच्या दहा नखं, कट कट कट, सगळ्या ग्राऊंडसमोर! रेफरी घड्याळ बघत उभे, आमचे कोच दुसरीकडे तोंड करून हसतायत. शेवटच्या अंगठ्यावर फुंकर मारून बाई म्हणाल्या, "आता खेळ किती खेळाचं तितकं."

सेकंड हाफमध्ये त्या पोराने एकट्याने आम्हाला हरवलं. हल्लीचे सगळे नियम त्या बाईंनीच लिहिले असावेत असा मला दाट संशय आहे.

*

आता गजूबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

गजू उमरेडचा. घरी हातमाग होता. उंची सहा फूट एक इंच, म्हणजे आमच्या खेळात बुटकाच. शूटिंग यथातथा. पण डिफेन्स? मी उभ्या आयुष्यात असा डिफेंडर पाहिला नाही, आणि ह्यात मी आरशातलाही धरलाय. समोरचा डावीकडे जाणार की उजवीकडे, हे त्या समोरच्याच्या आधी गजूला कळतं. फक्त एक भानगड होती. त्याला ते हातांनी कळायचं! माणसाच्या कमरेवर हात ठेवला की तो कुठे वळणार ते तळव्याला समजतं, असं त्याचं म्हणणं. म्हणणं खरं होतं. आणि नव्या नियमाप्रमाणे तो फाउल होता.

लीग सुरू व्हायच्या आधी आमच्याकडे नियम समजावून सांगायला वंजारी सर आले. सर कळमेश्वरच्या एका शाळेत पी.टी. शिकवतात आणि आमच्या लीगमध्ये रेफरी आहेत. कोर्टावर त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही. घरच्यांनीही नसेल. त्यांनी नियम वाचून दाखवले, मग म्हणाले, "प्रात्यक्षिक करू. कोणी तरी डिफेन्सला या." सगळ्यांनी गजूला पुढे ढकललं.

सरांनी स्वतः बॉल घेतला. "तू नेहमी उभा राहतो तसाच उभा राहा." गजू वाकला, एक हात सरांच्या कमरेवर, खांदा त्यांच्या दंडाला, दुसरा कोपर त्यांच्या बरगडीत, गुडघा मांडीला टेकवलेला.

वंजारी सर जागचे हलले नाहीत. शांतपणे बोटांवर मोजू लागले. "हा एक. हा खांद्याचा दोन. हा कोपराचा तीन. गुडघ्याचा चार. आणि मागून शर्ट धरला आहे तो पाच. झाले पाच. तू मॅचच्या बाहेर."

गजूचा चेहरा पडला. "पन सर," तो म्हणाला, "मी तं अजून सुरूबी नाही केलो!"

*

आमचे हेड कोच मिलान साहेब. सर्बियाचे. सहा फूट आठ इंच, आवाज खर्जातला, इंग्रजी मोजकंच आणि तेही एकेका शब्दाचं. 'फीट!' म्हणजे पाय हलवा. 'वॉटर!' म्हणजे पाच मिनिटं सुट्टी. 'हँड्स!' म्हणजे गजू. तीन महिन्यांत त्यांनी 'का'साठी आमच्याकडचा एक शब्दही उचलला होता आणि तो ते बरोबर वापरायचे. गजूने फाउल केला की दोन्ही हात पसरून, अगदी दुखावलेल्या आवाजात विचारायचे, "गाजू... काहून?"

टीममध्ये गजूला घ्या म्हणून त्यांच्यामागे लागलो होतो मी. निवडीच्या दिवशी गजूने तीन मोठमोठ्या खेळाडूंना नुसतं थिजवून टाकलं, तेव्हा साहेब म्हणाले, "गुड. बट हँड्स." मी म्हटलं, "हात माझ्याकडे सोडा." मोठ्या तोऱ्यात म्हटलं! करार एका सीझनचा झाला. गजू एकतीस वर्षांचा, कळमेश्वरच्या एका कारखान्यातली नोकरी सोडून आलेला. पुढच्या वर्षी टीमने ठेवलं तर ठेवलं. नाही तर त्या वयात दुसरी टीम कुणी देत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

तेव्हा हातांचा बंदोबस्त करणं आलं. मोठ्या टीम्समध्ये डिफेंडरच्या हातात टेनिस बॉल देतात, म्हणजे त्याला समोरच्याला पकडताच येत नाही. मी तेच करणार होतो. सकाळी ग्राऊंडवर पोचलो तर टेनिस बॉल घरी राहिलेले. पण नाश्ता आला होता, आणि आमच्या नाश्त्याला उकडलेली अंडी असतात, सोललेली. मी म्हटलं, हे तर त्याहून झकास! गजूच्या दोन्ही हातांत एकेक अंडं दिलं. "मूठ आवळायची नाही. अंडं फोडलंस तर ग्राऊंडला दहा चकरा."

पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात कोर्टावर पिवळा सडा. चकरा झाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मात्र चमत्कार झाला. गजूने दहा वेळा डिफेन्स केला आणि कोर्ट स्वच्छ! एक कण नाही. मिलान साहेबांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती फुगली. मी जवळ जाऊन म्हटलं, "शाब्बास! दाखव हात."

त्याने दाखवले. दोन्ही रिकामे.

"अंडी कुठे आहेत?"

"खाल्ली."

"खाल्ली? कधी?"

"डिफेन्स करता करता." आणि वर माझ्याकडे बघून, अगदी निरागसपणे, "फोडाचं नाही म्हणलं होतं ना भाऊ तुमी. खाचं नाही असं कुठी म्हणलं?"

*

मध्येच रोहितचा एक छोटासा सांगून टाकतो, नाही तर तो रागावेल.

हात लावायचा नाही म्हटल्यावर डिफेंडरपुढे एक रस्ता उरतो. समोरच्याच्या वाटेत आधीच जाऊन उभं राहायचं, त्याने येऊन धडक दिली की फाउल त्याचा! प्रामाणिक रस्ता आहे, फक्त दुखतो. म्हणून काही कलावंत धडक बसायच्या आधीच पडतात. आमचा रोहित त्यांतला. कॉलेजात नाटकं करायचा. इतका सुंदर पडायचा, की आमचेच लोक पाणी घेऊन धावायचे. अशा नाटकालाही आता शिक्षा आहे, पण रोहितचा स्वतःच्या अभिनयावर पूर्ण विश्वास होता.

एका मॅचमध्ये समोरून एक धिप्पाड गडी बॉल घेऊन सुसाट येत होता. रोहित वाटेत उभा राहिला, डोळे मिटले, "आई गं!" म्हणून ओरडला आणि दोन्ही पाय वर करून मागे कोसळला. झालं असं होतं, की तो गडी दहा फुटांवरच थांबून दुसऱ्याला पास देऊन मोकळा झाला होता.

वंजारी सर रोहितपाशी गेले. शिट्टी तोंडातून काढली. "उठा," ते म्हणाले, "पाहुणे अजून यायचे आहेत."

*

आता माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो. हा किस्सा मी सहसा सांगत नाही, पण ह्याच्याशिवाय पुढचं नीट समजणार नाही.

मॅचेस होतात इनडोअर स्टेडियममध्ये. प्रॅक्टिस मात्र आमच्या जुन्या ग्राऊंडवर. आता नव्या नियमात रिंगखाली एक छोटं अर्धवर्तुळ असतं. त्याच्या बाहेर उभं राहून धडक घेतली तर फाउल धडक देणाऱ्याचा. त्याच्या आत उभे असाल, तर आमच्या लीगमध्ये फाउल डिफेंडरचा. म्हणजे एका रेघेवर सगळा न्याय! आणि आमच्या जुन्या कोर्टावर ती रेघच नव्हती. जुनं कोर्ट, जुने नियम.

मी म्हटलं, पेंटर कशाला बोलावता? मी आखतो. पांढऱ्या रंगाचा डबा, दोरी, खडू, ओळंबा, सगळं आणलं. बोर्डावरून ओळंबा सोडला, खाली खूण केली, त्या खुणेपासून बरोबर सव्वा मीटर दोरी धरून झकास अर्धवर्तुळ काढलं. बाजूला उभं राहून फोटोसुद्धा काढून घेतला. ह्या फोटोत मी पूर्ण आहे.

दीड महिना मी गजूला त्या रेघेवर घोटला. डोळे मिटून त्याने त्या रेघेच्या बाहेर बोटभर अंतरावर उभं राहावं, इतका. हात मागे, पाय रेघेबाहेर, छाती पुढे. पोरगं सुधारत चाललं होतं. पहिल्या तीन मॅचेसमध्ये रिंगखाली धडक घ्यायची वेळच आली नाही, आणि तो एकदाही पाच फाउलवर गेला नाही. चौथ्या मॅचला आमच्याच स्टेडियममध्ये पहिल्याच मिनिटाला समोरचा धावत आला, गजू अगदी शिकवल्याप्रमाणे उभा, धडाम! गजू हसत उठला. वंजारी सरांनी फाउल दिला गजूला.

पाच मिनिटांनी पुन्हा तसंच. धडाम! फाउल गजूला.

मी बेंचवरून ओरडलो, "सर, तो रेघेच्या बाहेर होता!" सर खेळ थांबल्यावर माझ्यापाशी आले आणि कोर्टाकडे बोट दाखवून म्हणाले, "कोणत्या रेघेच्या?"

मी नीट पाहिलं. स्टेडियममधलं अर्धवर्तुळ आमच्यापेक्षा चांगलं सव्वा फुटाने पुढे होतं. ओळंबा बोर्डावरून नाही, रिंगच्या मधोमध सोडायचा असतो. रिंग बोर्डाच्या पुढे असते, हे अठरा वर्षं खेळलेल्या माणसाला मी सांगायला हवं होतं. म्हणजे मला.

दोन फाउल माझ्या रेघेने घेतले. त्यानंतर गजू बिथरला, कुठे उभं राहावं कळेना, आणि बिथरला की त्याचे हात पुढे येतात. कमरेवर पंजा, तिसरा. मनगट धरलं, चौथा. शेवटी एकाचा शर्टच धरला. पाच! गजू बाहेर, आणि मॅचही गेली.

मी सरळ मिलान साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. ओळंबा, बोर्ड, रिंग, सगळं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग दोन बोटं माझ्याकडे केली, "टू, यू." मग तीन बोटं दाराबाहेर बसलेल्या गजूकडे. "थ्री, ही." आणि म्हणाले, "वन मोर टाइम फाइव्ह... होम."

घरी म्हणजे कायमचा घरी. पुन्हा एकदा पाच फाउलवर बाहेर आला, तर पुढच्या सीझनचा करार विसरायचा.

मी बाहेर येऊन गजूला ते सांगितलं, आणि रेघेचंही सांगितलं. मला वाटलं, आता हा मला चार शब्द ऐकवणार. ऐकवायलाच हवे होते. तो म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊ. तुमी रेघ तं एकदाच चुकले. मी शर्ट धराले कितीकदा चुकलो!" मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी ग्राऊंडवर जाऊन मी ती रेघ खरवडून काढली आणि ह्या वेळी पेंटर बोलावला.

*

मग आम्ही हात मागे बांधायला घेतले. दोरीने नाही, सवयीने. प्रॅक्टिसमध्ये गजूने आपले हात पाठीमागे एकमेकांत गुंफायचे आणि नुसत्या पायांनी समोरच्याला अडवायचं. रोज दोन तास. सुरुवातीला बिचारा तोल जाऊन पडायचा. पंधरा दिवसांनी मात्र बघण्यासारखं झालं. हातांनी जे कळायचं ते हळूहळू त्याच्या डोळ्यांना कळायला लागलं. समोरच्याच्या पोटाकडे बघायचं. मान फसवते, खांदे फसवतात, पोट फसवत नाही, हे मी त्याला शिकवलं. हे मात्र बरोबर शिकवलं!

त्या दिवसांत एका सकाळी गजूचे वडील उमरेडहून आले. पांढरा सदरा, टोपी, हातात भाकरीचं फडकं. त्यांचा माग आता बंद आहे, एका कापडाच्या दुकानात बसतात. लेकाला मोठा खेळाडू झालेला बघायला आले, आणि बघतात तर काय, लेक हात मागे बांधून इकडून तिकडे उड्या मारतोय, आणि भोवती बाकीचे मजेत बॉल खेळतायत.

ते हळूच माझ्यापाशी आले. "सर, ह्याले शिक्षा देल्ली का?"

मी त्यांना सगळं समजावलं. नवे नियम, कमरेवरचा पंजा, पाच फाउल, मिलान साहेबांची अट. त्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "आमच्या घरात सात पिढ्या हात चालवला तवा पोट भरलं. आता हा पोरगा हात न चालवता भरन म्हनते." मान हलवली, भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "भरन बाप्पा. पायबी त आपलेच दिले आहेत ना त्याले."

भाकरी सगळ्या टीमने खाल्ली. मिलान साहेबांनी तीन खाल्ल्या आणि ठेचा लागल्यावर पहिल्यांदाच एका दमात अख्खं वाक्य बोलले. ते सर्बियन होतं, त्यामुळे इथे छापायला हरकत नव्हती, पण मला लिहिता येत नाही.

*

आता शेवटचा सांगतो.

सीझनची शेवटची मॅच, आमच्याच स्टेडियममध्ये. समोर पंजाबची टीम आणि त्यांचा हरमन. सहा फूट पाच इंच, बैलाची ताकद आणि हरणाचे पाय. त्याला अडवायला मिलान साहेबांनी कुणाला लावावं? माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गजू." साहेबांनी एक बोट वर करून मला आठवण करून दिली. मी म्हटलं, "माहीत आहे. गजूच." मला खात्री होती. अगदी खरं सांगायचं तर खात्री होती आणि तळहातांना घामही होता.

गजू त्या दिवशी जे खेळला ते मी कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, भाऊ, तुम्ही वाढवून सांगता. हरमन जिकडे जाईल तिकडे हा आधीच हजर. हात मागे! प्रेक्षकांत गजूचे वडील बसले होते, ते शेजारच्याला सांगत होते, "तो हात बांधलेला माहा." तरी चाळीस मिनिटांच्या खेळात अंगाला अंग लागणारच. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत तीन फाउल झाले. चौथ्या क्वार्टरमध्ये एकदा हरमन निसटला आणि गजूचा हात आपोआप त्याच्या कमरेकडे गेला. शिट्टी. चौथा.

साहेबांनी त्याला बाहेर काढायला बदली खेळाडू उभा केला. मी साहेबांचा हात धरला. हो, मी धरला! "साहेब, राहू द्या. हरमनला दुसरं कोणी थांबवू शकत नाही." पुन्हा म्हटलं, "राहू द्या." बदली खेळाडू खाली बसला.

शेवटचे सहा सेकंद. आम्ही एका पॉइंटने पुढे. बॉल हरमनकडे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पूर्वी आमच्या खेळात नियमच होता, शिट्टी वाजली की ज्याचा फाउल असेल त्याने हात वर करायचा, म्हणजे टेबलावर लिहिणाऱ्याला नंबर दिसतो. तो नियम जाऊन जमाना झाला. पण गावाकडे ती पद्धत राहिली, आणि गजूने लहानपणापासून हजारदा हात वर केलेला. शिट्टी ऐकली की त्याचा हात वर जातो. विचार नंतर येतो.

हरमन निघाला. डावीकडे खांदा टाकला, उजवीकडून घुसला. गजू त्याच्या पोटाकडे बघत होता. दोन पावलं मागे, एक बाजूला, अर्धवर्तुळाच्या चांगला बाहेर, पाय रोवले, हात पाठीमागे गच्च. हरमन हवेत उडाला आणि अख्खा गजूच्या छातीवर येऊन आदळला. दोघे आडवे. बॉल बोर्डाला लागून रिंगमध्ये पडला.

आणि शिट्टी वाजली.

मी वंजारी सरांकडे बघत होतो. साहेबांनी डोळ्यांवर टॉवेल घेतला, कारण त्यांना दिसत होतं ते सगळ्यांनाच दिसत होतं. जमिनीवर पाठ टेकून पडलेल्या गजूने, डोळे घट्ट मिटून, उजवा हात सरळ वर केला होता.

बेंचवरचं कुणी तरी हुंदका दिल्यासारखं "गेला" म्हणालं. मी वडिलांकडे बघायचं टाळलं.

वंजारी सर दोन पावलं पुढे आले. मग बॉल रद्द केल्याची खूण केली, बास्केट नाही! मूठ आवळून हरमनच्या दिशेने दाखवली. फाउल हरमनचा. बॉल आमचा!

मग जे काय झालं ते विचारू नका. खुर्च्या पडल्या, रोहित खरोखरच पडला, मिलान साहेबांनी टॉवेल छताकडे फेकला. आणि ह्या सगळ्या गोंधळात गजू तसाच पडलेला, डोळे मिटलेले, हात वर. त्याला काही ऐकूच येत नव्हतं.

वंजारी सर त्याच्यापाशी गेले. "गजानन, हात खाली घे." हात वरच. "अरे, तुझा नाही हा. खाली घे हात." हात वरच. शेवटी सर वाकले, त्याचं मनगट धरलं आणि हात खाली ओढला.

गजूने खाडकन डोळे उघडले. आधी आपल्या मनगटाकडे बघितलं, मग सरांकडे.

"सर," तो म्हणाला, "हात काहून लावून राहिले?"